कच्छचा तो नमुना 'शिंग प्रवाळ' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जीवाश्मांसाठी अख्खे पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नाशिकमध्ये विहिरीच्या तळापासून गडाच्या माथ्यापर्यंत सगळा काळा पाषाण. इथल्या मुलांच्या हाती जीवाश्म लागतो तो सहलीत, प्रदर्शनात नाहीतर छापील चित्रात. म्हणूनच चित्राखालची ओळ चुकली की ती चूक शाळाशाळांतल्या फलकांवर उतरते. त्या पानावरच्या मोठ्या छायाचित्राखाली 'कच्छमध्ये सापडलेले शिंग प्रवाळ, गण रुगोसा, वय ४० कोटी वर्षे' असे छापले आहे. त्यातले कच्छ तेवढे बरोबर आहे. गण चुकला आहे आणि वयही चुकले आहे. आमच्या मते तो नमुना बहुधा माँटलिव्हाल्टिया या नामशेष, एकेकट्या वाढणाऱ्या प्रवाळ प्रजातीचा (जीनसचा) आहे. 'बहुधा' म्हणण्याचे कारण पुढे येईल. रुगोसा नाही, हे मात्र छायाचित्रावरूनही ठामपणे सांगता येते.

आधी वयाचे. रुगोसा गणातले प्रवाळ ऑर्डोव्हिशियन काळात आले आणि पर्मियनच्या अखेरीस, सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या महाविनाशात, झाडून सगळे संपले. आज समुद्रात दिसणाऱ्या दगडी प्रवाळांचा गण स्क्लेरॅक्टिनिया. त्यांचे सांगाडे मधल्या ट्रायासिकपासून मिळू लागतात, म्हणजे मध्ये काही दशलक्ष वर्षांची पोकळी आहे. कच्छमधले जुमारा, पच्छम इथले प्रवाळांचे थर जुरासिक आहेत, साधारण साडेसोळा ते सतरा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या थरात रुगोसा मिळणे शक्यच नाही. आपल्या देशात रुगोसा पाहायचे तर हिमालयातल्या स्पितीसारख्या भागांतल्या जुन्या खडकांकडे जावे लागते.

मग गफलत का होते? नावामुळे. रुगोसा म्हणजे सुरकुत्यांचे. बाहेरून आडव्या सुरकुत्या आणि आकार बैलाच्या शिंगासारखा, एवढी खूण पाठ्यपुस्तकातून डोक्यात बसते. पण माँटलिव्हाल्टियाच्या अंगावरही एक पातळ आवरण असते, त्याला एपिथेका म्हणतात, आणि त्यावरही वाढीच्या आडव्या सुरकुत्या असतात. आकारही कधी शिंगासारखा, कधी भोवऱ्यासारखा, कधी बसक्या पेल्यासारखा, तर कधी जवळजवळ नळकांडे. एकटा पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा मऊ जिवंत प्राणी, तळाशी चिकटून वर वर वाढत गेला आणि वाढता वाढता रुंद होत गेला की शिंग होणारच, मग तो कोणत्याही गणातला असो. शिंग ही वाढीची तऱ्हा आहे. तेवढ्यावरून नातेगोते ठरत नाही.

ही प्रजाती नॉर्मंडीतल्या काँ इथे शिकवणाऱ्या लामुरू या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकाने १८२१ मध्ये स्थापली. तिची प्रातिनिधिक जाती माँटलिव्हाल्टिया कॅरिओफिलाटा, तीही तिकडच्याच मधल्या जुरासिक चुनखडीतली. वर्गीकरणाची उतरंड अशी: संघ निडारिया, वर्ग अँथोझोआ, गण स्क्लेरॅक्टिनिया, कुल माँटलिव्हाल्टिइडी. मराठी परिभाषेत जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. वर्तमानपत्रांत हे दोन शब्द सर्रास उलटे पडतात, त्याकडेही जाता जाता लक्ष वेधतो.

आता अंगरचना. एकट्या प्रवाळाचा सांगाडा म्हणजे एक पेला, आणि त्या पेल्याच्या तोंडाशी बसलेला एकच पॉलिप. पेल्याच्या भिंतीकडून मध्याकडे उभे पातळ पडदे जातात, त्यांना सेप्टा म्हणतात. मोसंबे आडवे कापले की फोडींमधल्या साली जशा दिसतात तशीच ही मांडणी, फक्त पडदे कितीतरी जास्त आणि लहानमोठे. माँटलिव्हाल्टियाच्या पडद्यांची वरची कड करवतीसारखी दातेरी असते. प्रत्येक दाता म्हणजे तंतूंच्या एका जुडीचे टोक, आणि तिला ट्रॅबेक्युला म्हणतात. या जुड्या जाड आणि साध्या असणे, ही या कुलाची खूण. पडद्यांच्या दोन्ही अंगांवर बारीक रवाळ दाणे असतात. पेल्याच्या मधोमध खांब, म्हणजे कॉल्युमेला, नसतो किंवा अगदीच दुबळा असतो. मात्र पडद्यांची आतली टोके मध्यात एकमेकांत गुंतली तर खांब असल्याचा भास होतो.

पॉलिप वर सरकला की खालची जागा रिकामी राहते. ती जागा तो वाकड्या, पातळ, फुगीर पापुद्र्यांनी बंद करत जातो. हेच डिसेपिमेंट. माँटलिव्हाल्टियात ते भरपूर असतात. नमुना उभा चिरला की फोड उठलेल्या पापडासारखी त्यांची जाळी दिसते. रुगोसात कडेला असे पापुद्रे असू शकतात, पण बहुतेकांच्या मध्यभागी आडवी पटले असतात, बांबूच्या पेरांमधल्या पडद्यांसारखी एकावर एक. त्यांना टॅब्युले म्हणतात. काही रुगोसांत तीही नसतात. म्हणून पटले दिसली तर रुगोसाकडे झुकावे, पण न दिसल्यावरून रुगोसा नाही असा निकाल देऊ नये.

खरा निकाल पडद्यांच्या क्रमावर लागतो. स्क्लेरॅक्टिनियात आधी सहा पडदे येतात. मग त्या सहांच्या मधल्या सहाही जागांत एकेक, म्हणजे आणखी सहा. मग बारा, मग चोवीस, मग अठ्ठेचाळीस. पाच फेऱ्या पुऱ्या झाल्या तर एकूण ९६. रुगोसातही सुरुवात सहांनीच होते, पण पुढचे मोठे पडदे सहांपैकी चारच जागांत भरत जातात: मुख्य पडद्याच्या दोन्ही बाजूंना आणि दोन बाजूकडच्या पडद्यांपाशी. उरलेल्या दोन जागा तशाच राहतात. त्यामुळे रुगोसाला डावे-उजवे असते आणि मुख्य पडद्यापाशी बहुधा खाचही पडते. हा नियम एकोणिसाव्या शतकात कुंथ या जर्मन अभ्यासकाने मांडला आणि आजही तोच कामाला येतो.

मोजायची रीत सांगतो, कारण गोंधळ इथेच होतो. काप गुळगुळीत करून दहा पट भिंगाखाली ठेवा. सर्वांत लांब आणि जाड पडद्यांवर शाईचे ठिपके द्या. माँटलिव्हाल्टियात पहिल्या दोन फेऱ्यांचे पडदे पुष्कळदा सारख्याच लांबीचे होतात, म्हणून ठिपके सहा न येता बारा येतात. तसे झाले तर घाबरू नका. बारापैकी शेजारच्या दोन ठिपक्यांमध्ये मधला एक मध्यम, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आखूड, आणि उरलेल्या चार फटींत एकेक अगदी बारीक, असे सात पडदे मिळाले की पाचवी फेरी पुरी. बारा साते चौऱ्याऐंशी आणि बारा, मिळून ९६. प्रत्यक्षात सगळे भाग सारखे भरलेले नसतात. एका भागात सात, शेजारी पाच, असे चालते. म्हणून नुसती एकूण संख्या लिहू नये, प्रत्येक भागाची वेगळी लिहावी. रुगोसात हा चढता क्रम दिसत नाही. तिथे एक मोठा, एक लहान, एक मोठा असे आलटून पालटून येतात आणि मोठे पडदे मुख्य पडद्याकडे पिसासारखे कलतात.

नमुना न कापताही एक परीक्षा करता येते, आणि छायाचित्रावरून आम्ही ठाम बोलतो ते तिच्याच जोरावर. बाहेरचे आवरण झिजले असेल तिथे पडद्यांच्या कडा उभ्या रेघांसारख्या दिसतात. नमुना टोकाकडून हळूहळू फिरवा. रुगोसात या रेघा तीन ओळींपाशी तिरप्या येऊन मिळतात, माशाच्या काट्यासारख्या. एक ओळ मुख्य पडद्याची, दोन बाजूच्या. माँटलिव्हाल्टियात रेघा टोकापासून काठापर्यंत चोहोबाजूंनी सरळ चढतात, कुठेच काटा दिसत नाही. छापलेल्या चित्रात डावीकडे खाली आवरण गेलेले आहे, आणि तिथल्या रेघा सरळ चढलेल्या दिसतात.

कापायचे ठरलेच, तर आधी नमुना मऊ ब्रश आणि पाण्याने धुवावा. आम्लात टाकू नये, चुनखडीचा जीवाश्म आम्लात जातो. मोजपट्टी शेजारी ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. नमुना एकुलता असेल तर साचा करून ठेवावा. हिऱ्याच्या पात्याने पहिला आडवा काप पेल्याच्या खोलगट तळाच्या जरा खाली घ्यावा. पेल्यातूनच घेतला तर पडद्यांमध्ये नुसता गाळ दिसतो, पापुद्रे दिसत नाहीत. दुसरा काप टोकाजवळ घ्यावा, कारण पडदे कोणत्या क्रमाने आले हे बालपणाच्या भागात कळते. चार सेंटीमीटर उंचीच्या नमुन्यात चार आडवे काप पुरतात. प्रत्येक कापात पात्याच्या जाडीइतका, मिलिमीटर-दीड मिलिमीटर भाग जातो, तो हिशेबात धरावा. उभा काप दुसऱ्या नमुन्याचा घ्यावा आणि तो बरोबर मध्यातून जावा.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे आडवा काप तिरपा जाणे. शिंग वाकडे असते, पाते सरळ जाते. कापाचे तोंड लंबगोल होते, एका अंगाचे पडदे दाट तर दुसऱ्या अंगाचे विरळ दिसतात आणि डावे-उजवे असल्याचा आभास होतो. मग साधा स्क्लेरॅक्टिनियासुद्धा रुगोसा वाटू लागतो. खडकाखाली दबून चपटलेल्या नमुन्याचेही तसेच. म्हणून पात्याला टेकवण्यापूर्वी नमुन्याच्या त्या जागच्या अक्षाला काटकोनात पेन्सिलीची रेघ फिरवून घ्यावी आणि ती रेघ धरूनच कापावे.

कापाचे तोंड काचेवर सिलिकॉन कार्बाइडच्या भुकटीने घासावे. आधी २२० नंबर, मग ४००, ६०० आणि शेवटी १०००. प्रत्येक नंबराची काच वेगळी असावी आणि मध्ये नमुना वाहत्या पाण्याखाली धुवावा. २२० चा एक कण १००० च्या काचेवर आला तरी पडद्यांवर ओरखडे उमटतात आणि ते पापुद्रे समजून मोजले जातात. पातळ काचपट्टी करायची सोय नसेल तर ॲसिटेटच्या पारदर्शक कागदावर ठसा घ्यावा. बाजारात ३५ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल मिळते. त्याचा एक भाग सहा भाग पाण्यात घातला की सुमारे ५ टक्क्यांचे होते. आम्ल नेहमी पाण्यात घालायचे, पाणी आम्लात कधीच नाही. घासलेले तोंड त्यात दहा-पंधरा सेकंद धरून धुवावे आणि हात न लावता वाळू द्यावे. त्यावर ॲसिटोन ओतून लगेच एका कडेने कागद टेकवत न्यावा आणि नीट सुकल्यावर सोलावा. घाईने सोलला तर सुरकुततो, ॲसिटोन कमी पडले तर बुडबुडे राहतात. आम्लात जास्त वेळ राहिले तर बारीक पडदेच विरघळतात आणि पाचवी फेरी नाहीशी होते. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ ज्योत नसावी. शाळेत हे काम शिक्षकांनीच करावे.

एवढे करूनही कधी कधी दाते आणि तंतूंच्या जुड्या दिसत नाहीत. त्यात कापणाऱ्याचा दोष नसतो. रुगोसाचा सांगाडा कॅल्साइटचा, तो टिकतो. स्क्लेरॅक्टिनियाचा अरागोनाइटचा. घटक तेच कॅल्शियम कार्बोनेट, पण रचना अस्थिर. काळाच्या ओघात अरागोनाइटचे भरड कॅल्साइट होते आणि पडद्याची बाह्यरेषा उरली तरी आतले विणकाम पुसले जाते. आमच्या 'बहुधा'चे पहिले कारण हेच, की कुलाची खूण ज्या विणकामात आहे तेच अनेकदा हरवलेले असते.

दुसरे कारण थेकोस्मिलिया. ही याच कुलातली, पण फांद्या फुटणारी वसाहत. तिची एक फांदी तुटून पडली तर पडदे, पापुद्रे, आवरण सगळे माँटलिव्हाल्टियासारखेच दिसते. अशा वेळी तळ पाहावा. एकट्या प्रवाळाचा तळ टोकदार असतो किंवा त्यावर चिकटल्याचा पसरट व्रण असतो. तुटक्या फांदीचा तळ मोडल्यासारखा असतो आणि त्यात पडद्यांचा पूर्ण आडवा छेद दिसतो. आडव्या कापात दोन केंद्रे दिसली तर ती फांदी फुटण्याच्या बेतात आहे. मग एकटेपणाचा दावा सोडून द्यावा. छापलेल्या चित्रात तळ चौकटीबाहेर गेला आहे, म्हणून त्याबाबत आम्ही बोलू शकत नाही.

जातीच्या नावाबाबत तर आणखी जपून राहावे. कच्छच्या जुरासिक प्रवाळांवर जे. डब्ल्यू. ग्रेगरी यांचा ग्रंथ १९०० मध्ये निघाला आणि त्यांनी बाह्य आकारातल्या लहानसहान फरकांवरही वेगवेगळ्या जाती केल्या. १९९३ मध्ये पांडे आणि फ्युर्सिश यांनी कच्छच्या प्रवाळांची नव्याने छाननी प्रसिद्ध केली. एकच जाती गाळ कमी असलेल्या जागी बसकी राहते आणि गाळ भराभर साचतो तिथे जीव वाचवण्यासाठी उंच होते, हे लक्षात घेतले तर केवळ उंची आणि रुंदी पाहून नावे वाढवण्यात अर्थ उरत नाही. निदान पेल्याचा मोठा आणि लहान व्यास, उंची, पडद्यांची संख्या आणि काठाशी ५ मिलिमीटरमध्ये किती पडदे येतात, एवढी मापे एकाच थरातल्या पुष्कळ नमुन्यांची घ्यावीत आणि मगच बोलावे.

नाशिकपुरती एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. इथे विहीर खणताना, खाणीत दगड फोडताना पोकळीत पांढऱ्या सुयांचे पंखे निघतात आणि प्रदर्शनात त्यांनाही 'प्रवाळाचा जीवाश्म' अशी चिठ्ठी लागते. ते झिओलाइट आहेत, पुष्कळदा स्कोलेसाइट. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अशी खनिजे डोळे भरून पाहता येतात. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि पोकळ्यांतले स्फटिक तो थंड झाल्यावर झिरपलेल्या पाण्यातून वाढले. पंखा भिंगाखाली धरा. सुया एका बिंदूतून निघून टोकाला मोकळ्या सुटतात. त्यांना भिंत नसते, त्यांच्यात पापुद्रे नसतात, लहानमोठ्या फेऱ्या नसतात. लोखंडी खिळ्याने स्कोलेसाइटवर ओरखडा उठत नाही, कॅल्साइटवर सहज उठतो. आम्लाचा थेंब मात्र एकटा पुरावा मानू नये, कारण काळ्या पाषाणाच्या पोकळीत कॅल्साइटही असतो आणि तोही फसफसतो.

चुकीचे नाव किती चिवट असते याचे उदाहरण नर्मदेच्या खोऱ्यातल्या बाघ इथे आहे. तिथल्या एका थराला जुन्या सर्वेक्षकांनी 'कोरलाइन लाइमस्टोन' म्हटले. तो थर प्रामुख्याने ब्रायोझोआच्या तुकड्यांनी भरलेला आहे. ब्रायोझोआ हा प्रवाळांहून संपूर्ण वेगळा संघ. दीडशे वर्षे होत आली, नाव तसेच आहे. रामकुंडापाशी मिळणारे लाल पोवळेसुद्धा या दगडी प्रवाळांच्या गणातले नव्हे, ते आठ शुंडकांच्या प्रवाळांपैकी. याउलट तिथेच मिळणारा अस्सल शाळिग्राम म्हणजे गंडकीच्या खोऱ्यातला अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या नामशेष सागरी प्राण्याचा जीवाश्म, आणि तो माँटलिव्हाल्टियाच्याच काळातला, जुरासिक. मुलांना जुरासिक समुद्र समजावायचा तर घरच्या देवघरापासून सुरुवात करता येईल.

आपणांस विनंती अशी, की पुढील अंकात चित्राखालची ओळ पुढीलप्रमाणे दुरुस्त करावी: 'एकटा दगडी प्रवाळ, गण स्क्लेरॅक्टिनिया, बहुधा माँटलिव्हाल्टिया, कच्छ, जुरासिक.' नमुना ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो नेमका कोणत्या गावाजवळ, कोणत्या थरात, जमिनीवर सुटा की खडकात रुतलेला मिळाला हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि चिठ्ठी नमुन्याला न चिकटवता त्याच डबीत ठेवावी. नमुन्यावर चिकटवायचीच असेल तर फक्त क्रमांकाची, तळाशी, पेल्यापासून दूर. ज्या शाळांनी त्या पानावरून फलक तयार केले असतील त्यांनी निदान वयाचा आकडा लगेच बदलावा.

आपले नम्र,
भूशास्त्राचे काही अध्यापक व अभ्यासक,
नाशिक